पोचा कुठं हाय?

आमच्या साइटवर गाडी मागायची झाली तर एक अर्ज भरावा लागतो. त्यात सहा रकाने आहेत. गाडी कोणती, रंग कोणता, पुढं काय लिहिलं होतं, मागं काय लिहिलं होतं, चालवायचं कोण, इथपर्यंत माणसं भराभर लिहीत येतात आणि सहाव्या रकान्यापाशी अडतात. सहावा रकाना असा आहे: 'पोचा कुठं हाय?'

हा रकाना मी काढून टाकलेला नाही आणि त्याची भाषाही सुधारलेली नाही. एकदा एका शहाण्या मुलानं कळवलं की असली भाषा साइटवर बरी दिसत नाही. मी उत्तर दिलं नाही. ज्यांनी हा रकाना घातला त्यांनी दिलं असतं, आणि तो मुलगा परत कुणाला भाषा शिकवायला गेला नसता. पण आता पेंटर नाहीत. शहाण्यांना उत्तर द्यायचं माझ्याच्यानं होत नाही.

साइट कसली, ते आधी सांगतो. कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक गेम असतो. त्यात कुणाला मारायचं नाही, कुणाचा पाठलाग करायचा नाही. माल भरायचा, रस्ता धरायचा, माल उतरवायचा, झालं. माझे वडील जे पोटासाठी करायचे ते मी करमणूक म्हणून करायचो, तेही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासच्या ऑफिसात दिवसभर प्रवेशाचे फॉर्म टाइप करून आल्यावर. गेममधल्या गाड्या सगळ्या परदेशी, धुतल्यासारख्या स्वच्छ. म्हणून हौशी लोक आपापल्याकडच्या गाड्या तयार करून त्यात घालतात. अशा गाडीला मॉड म्हणतात. मी असल्या मॉडची फुकट साइट काढली. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर केला, दुधाचा टेम्पो केला, गावोगाव प्रवासी भरणारी वडापची जीप केली, माणसं मागं लोंबकळणारी. लोकांना आवडलं. मग मला अवदसा आठवली आणि मी 'मागणी' नावाचं एक पान उघडलं. तुमची गाडी सांगा, जमेल तशी करून देऊ. महिनाभरात मागण्यांनी जीव नकोसा केला.

त्यातच एक दिवस ट्रॅक्टरच्या खाली कुणीतरी लिहिलं: 'ट्रॉलीवरचं अक्षर खोटं हाय. असलं अक्षर पेंटर काढत न्हाय, मशीन काढतंय. भेटा.' खाली मंगळवार पेठेतल्या एका बोळाचा पत्ता, पिठाच्या गिरणीमागं. मी भांडायलाच गेलो होतो.

गिरणीमागं घराला लागून एक पत्र्याची खोली. आत कॉम्प्युटर, त्याच्यावर पिठाचा पातळ थर, आणि समोर साठी ओलांडलेले एक गृहस्थ पांढराशुभ्र हाफ शर्ट घालून बसलेले. भिंतीला ब्रश, पण सगळे कोरडे. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक-टेम्पोच्या पाठी रंगवल्या, नंबरपाट्या काढल्या, मुलांची नावं, देवांची नावं, 'आईचा आशीर्वाद' घातले. मग स्टिकर आले आणि त्यांच्याकडं यायचं लोकांनी हळूहळू बंद केलं. दुसरा एखादा कुढत बसला असता. यांनी कॉलेजच्या पोरांशेजारी बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला. मास्तरांनी पत्र टाइप करायला सांगितलं, तर यांनी माऊसनं एकच 'श्री' काढला, दोन तास लावून.

"बसा पावणं," ते म्हणाले. "सांगाडा बरा केलाय तुमी. पर गाडी मेल्यागत दिसाय लागल्या."

"नवीन आहे म्हणून तसं वाटतं."

"नवी गाडी कुनाचीच नसत्या. शोरूमची असत्या." मग माझ्याकडं नीट बघून, "मागण्या लई येत्यात काय?"

"बक्कळ."

"माझ्याकडं द्या."

इतकंच. मी भांडायला गेलेला माणूस मागण्या देऊन आलो. त्या दिवसापासून सांगाडा मी करायचा आणि रंग, अक्षरं, गंज, चिखल हे पेंटरांनी, असं ठरलं. मी क्लासमध्ये नुसता टायपिंगवाला असूनही ते मला शेवटपर्यंत 'मास्तर' म्हणत. माझे मालक खरे मास्तर होते, त्यांना ते एकदा भेटले तेव्हा 'काय पावणं' म्हणाले.

त्यांच्या शर्टावर मी कधी डाग पाहिला नाही. मी एकदा कौतुक केलं, तर म्हणाले, "ज्येच्या अंगावर रंग सांडतोय त्यो पेंटर न्हवं. त्यो रंगपंचमीवाला."

मागण्या कॉम्प्युटरवर यायच्या, पण तिथं ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. प्रत्येक मागणी झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणायचे. छताच्या अँगलला एक तार टांगलेली होती, खाली लाकडाची चकती, वर आकडा. जुन्या दुकानांत बिलं खोचायला असते तसली. नवा कागद वरून खोचायचा, तो खाली जाऊन बसायचा. म्हणजे सगळ्यात जुना कागद सगळ्यात तळाला. तो काढायचा म्हणजे वरचे सगळे उतरवायला हवेत. पेंटर रोज सकाळी सगळे कागद उतरवायचे, तळाचा घ्यायचे आणि बाकीचे एकेक वाचून त्याच क्रमानं परत खोचायचे. मी म्हटलं, "पेंटर, उलटे लावा की, म्हणजे जुना वर येईल."

"मग बाकीचं कोन वाचनार?"

रोज वाचल्यामुळं त्यांना प्रत्येक मागणी तोंडपाठ असायची. आणि रोज खोचल्यामुळं कागदाचं भोक मोठं होत जायचं. कोण किती दिवस थांबलंय, हे भोक बघून कळायचं. एकदा कुणा पुढाऱ्याच्या भाच्याला मामाच्या वाढदिवसाआधी सहा गाड्यांचा ताफा हवा होता. त्यानं मला फोनवर फोन केले. मी भीत भीत पेंटरांना सांगितलं. त्यांनी त्याचा कागद तारेवरून शोधून उजेडात धरला. "बारकं भोक हाय," म्हणाले, आणि परत खोचला.

अर्धवट अर्ज तारेवर चढत नसे. त्यावर ते लाल पेन्सिलीनं 'अपुरी' असं लिहायचे, म्हणजे मागणी अपुरी, आणि कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. मागणाऱ्याला एका बोटानं टाइप करून कळवायचे. त्यांची उत्तरं मी जपून ठेवली आहेत. एकानं सोन्याचा ट्रक मागितला, चाळीस हॉर्नचा, आणि वर 'अर्जंट' लिहिलं. पेंटरांचं उत्तर: 'अर्जंट पोटाला असतंय, गाडीला न्हाय. चाळीस हॉर्न लावल्यावर डायवर कुठं बसनार ते कळवा.' मला वाटलं होतं, असल्यानं साइट बंद पडेल. उलट लोक उत्तरं वाचायला यायला लागले.

अपुरी ठरायचं मुख्य कारण म्हणजे त्यांनीच घातलेला सहावा रकाना, पोचा, म्हणजे गाडीचा पत्रा कुठं दबलाय ते. "फ्याक्टरीत समद्यांची गाडी येकच असत्या मास्तर," ते म्हणायचे. "पोचा ज्येचा त्येचा." कुणी 'पोचा नाही' असं लिहिलं की कागद सरळ डब्यात.

कुवेतला नोकरी करणाऱ्या एका माणसानं गावची वडापची जीप मागितली होती. पोच्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं, मागचं दार मोडलेलं होतं, दोरीनं बांधायचे. झालं. पेंटरांनी विचारलं, दोर सुताचा का नायलॉनचा? नायलॉनचा. कसल्या रंगाचा? तीन आठवडे उत्तर नाही. मी म्हटलं, "एवढं काय दोरीचं?" तीन आठवड्यांनी त्या माणसाचं भलंमोठं पत्र आलं. दोर निळा होता. ते आठवण्यासाठी त्याला आधी शेजारी कोण बसायचं ते आठवावं लागलं, मग थंडी आठवली, मग शाळेचा डबा, आणि डब्यावर ठेवलेला आपला हात, आणि हाताशी तो निळा दोर. खाली त्यानं लिहिलं होतं की गाडी नाही झाली तरी आता चालेल. पेंटरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि जीप केली. दोराच्या गाठीलाच चार दिवस लावले.

गडहिंग्लजकडच्या एका बाईंनी नवऱ्याचा दुधाचा टँकर मागितला होता. मुलगा विचारतो, बाबा दिवसभर काय करतात, त्याला दाखवायचंय. पोचा: पुढच्या बंपरला उजवीकडं, म्हशीला वाचवताना. "बगा," पेंटर मला म्हणाले, "अर्ज ह्यो असा असतोय." टँकर पाठवताना त्यांनी खाली लिहिलं: 'दुधाचा वास देता येत न्हाय. माफी असावी.'

ते स्वतः गेम खेळायचे, पण त्यांचं खेळणं बघवत नसे. रिकाम्या हमरस्त्यावरही वीसच्या वर वेग नाही. मागून गेममधल्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या की पडद्याकडं बघून हातानं खूण करायचे, "जा बाबा, तुला घाई हाय." जरा पुढं गेलं की गाडी कडेला लावायची आणि मागून तिची पाठ बघत बसायची. त्यांनी गेममध्ये कधी एकही माल पोचवलेला नाही.

मी माझा अर्ज भरला तेव्हा त्यांच्याकडं जायला लागून दोन वर्षं झाली होती. इतके दिवस का नाही, तर धीर होत नव्हता. माझ्या वडिलांचा टेम्पो होता. आमच्या कबनूरच्या यंत्रमागांवरून कापडाच्या गाठी भरून ते कोल्हापूरला आणायचे. मी आठ वर्षांचा असताना ते आजारपणात गेले, टेम्पो विकला गेला, आई मला घेऊन मामाकडं कोल्हापूरला आली. त्या टेम्पोचा एकच फोटो आहे, आत्याच्या लग्नातला. त्यात माणसं सगळी स्पष्ट आणि टेम्पो निम्मा, तोही पुढून. मला तो टेम्पो परत बघायचा होता. केबिनमध्ये त्यांच्या जागेवर बसून काच किती वर यायची, रस्ता किती दिसायचा, एवढं बघायचं होतं. हसण्यासारखं आहे, पण हा सगळा साइटचा खटाटोप मी त्याच्यासाठीच मांडला होता की काय, असं मला आता वाटतं.

पेंटरांना तोंडी सांगणं बरं दिसलं नसतं. इतरांसारखाच साइटवरून अर्ज केला. सहाव्या रकान्यात लिहिलं: 'नव्हता. वडील गाडी फार जपत.'

चार दिवसांनी मला उत्तर आलं: 'अपुरी.'

मी तडक मंगळवार पेठेत गेलो. "पेंटर, माझ्या वडिलांची गाडी आहे ती. मला माहीत आहे पोचा होता का नव्हता."

"आठ वर्साच्या पोराला काय म्हायती असतंय?"

"साइट माझी आहे."

"व्हय की," ते शांतपणे म्हणाले. "आणि तार माझी हाय."

मी दोन आठवडे तिकडं फिरकलो नाही. राग खरा होता. साऱ्या जगाच्या गाड्या होणार आणि माझीच डब्यात पडणार. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय ठाऊक? गाडी दारात कुठं असायची? मागावरच असायची." वडिलांविषयी ती एरवीही फार बोलत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पेंटरच क्लासवर आले. पालक जिथं फॉर्म घ्यायला उभे राहतात त्या खिडकीत रांगेत उभे राहिले. पुढं दोन बायका होत्या, त्यांचं होऊ दिलं. मग वाकून म्हणाले, "रविवारी मोकळं हाय न्हवं? चला, कबनूरला इचारून यू."

त्यांच्या जुन्या स्कूटरवरून कबनूरला जायला आम्हाला दोन तास लागले. वाटेत प्रत्येक ट्रकच्या मागं ते गाडी हळू करायचे, अक्षर वाचायचे, पटलं नाही की मान हलवायचे. मी मागं बसून मनातल्या मनात चरफडत होतो. कबनूरला मागांची खटखट सुरू झाली आणि मला माझं गाव कानांनी ओळखू आलं. वडील जिथून माल भरायचे ते शेड अजून होतं. मालक बदलले होते. पण गाठी चढवणारे बापूमामा समोरच्या घराच्या कट्ट्यावर बसलेले सापडले. पार वाकलेले. मी वडिलांचं नाव सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही.

मी काही विचारायच्या आत पेंटर म्हणाले, "मामा, ह्येच्या बाच्या टेम्पोला पोचा कुठं हुता?"

बापूमामांनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "मागच्या फाळक्याला. डाव्या कोपऱ्यात. आत दबल्याला." फाळका म्हणजे माल चढवायला खाली पाडतात ती मागची फळी.

"कशानं?" पेंटरांनी विचारलं.

मामा माझ्याकडं बघून हसायला लागले. "ह्येनं पाडला की."

मला समजेना. मामा सांगत गेले. मी पाच वर्षांचा. वडील आत गाठी मोजत होते आणि मला केबिनमध्ये बसवलं होतं. मी काय ओढलं, काय ढकललं देव जाणे. टेम्पो उतारानं मागं गेला आणि पाण्याच्या हौदाच्या दगडी कठड्यावर जाऊन आपटला. "सगळं मागवालं बाहीर पळालं. तू आत बोंबलालाईस. तुझा बा आला, तुला उचाकला, म्हनला, काय न्हाय झालं, माझंच चुकलं, चाकाला दगड लावायचा ऱ्हायला. आमास्नी म्हनला, घरात कोन बोलायचं न्हाय. पोराच्या डोक्यात ऱ्हाईल."

"आणि मग?"

"मग काय. तुलाबी पटलं, बानंच पाडला म्हनून. पोरं इसरत्यात." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "मी दहादा म्हनलं असंन, ठोकून घे रं त्येवढं. तर म्हनायचा, ऱ्हाऊ दे मामा. पोराची सही हाय ती."

मी कट्ट्यावरून उठलो आणि शेडपर्यंत चालत गेलो. हौद बुजवलेला होता, कठडा होता. मी त्या कठड्याला हात लावून उभा राहिलो आणि रडलो. माग चालू होते, त्यामुळं कुणाला ऐकू गेलं नसेल. वडील गेल्यावर रडलो होतो की नाही तेही मला आठवत नव्हतं.

परतताना वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. चहा बशीत ओतून ते म्हणाले, "तुला इचाराय मानूस हाय अजून. म्हनून परत पाठीवलं." ते मला तू म्हणाले ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि शेवटचं.

"आणि ज्याला विचारायला कुणीच उरलं नसेल, त्याचं काय?" मी विचारलं.

त्यांनी बशी तोंडाला लावली, संपवली, कप तिच्यावर पालथा घातला.

"त्येचा अर्ज अपुरा," म्हणाले.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हणाले होते, माझ्याच हातनं गाडी आपटली. कुठं, ते मी विचारलं नव्हतं." मग उठून स्वयंपाकघरात गेली.

त्याच रात्री मी अर्ज पुन्हा भरला. मला वाटलं होतं, आता पेंटर सगळं बाजूला ठेवून टेम्पोला हात घालतील. दुसऱ्या दिवशी गेलो तर माझा नवा कागद तारेच्या आकड्याजवळ, सगळ्यांच्या वर. म्हणजे सगळ्यांत शेवटी. "आता पुरा झाला की अर्ज," ते म्हणाले. "रांगेत या मास्तर."

आता मला राग आला नाही. रोज सकाळी आपला कागद एकदा वाचला जातो, एवढ्यावर मी खूश होतो. त्यांच्याकडं गेलो की आधी गुपचूप माझ्या कागदाचं भोक बघायचो. मोठं होत होतं.

पण पेंटर संथ झाले होते. नजर कमी व्हायला लागली होती, पडद्याला नाक लागेपर्यंत वाकायचे. गंज कसा काढायचा, ते मला शिकवायला लागले. "गंज वरनं लावू नका. आतनं येऊ द्या. आदी लोखंड, मग त्येच्यावर पानी कुठं थांबतंय ते बगा, तितनं गंज." मी शिकत होतो, आणि आपल्याला हे का शिकवतायत ते विचारत नव्हतो. एका चैत्रातल्या दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

तेराव्यानंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, मला बोलावून तार हातात दिली, कागदांसकट. आणि बिस्किटांचा डबाही. "ह्ये तुमचंच," त्या म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं? सकाळचं कागद वाचायचं, त्येवढा आवाज असायचा घरात."

तारेवर सतरा कागद होते. माझा तळापासून पंधरावा.

माझी खोली, माझी साइट, विचारणारं कुणी नाही. एकदा तर मी सगळे कागद उतरवून माझा हातात घेऊनही बसलो होतो. पण त्याच्या खाली चौदा माणसं होती, आणि रोज वाचून ती मला तोंडपाठ झाली होती. चंदगडचा एक शिक्षक, त्याच्या भावाचा रोडरोलर. बेळगावकडची एक मुलगी, आजोबांची टॅक्सी. मी कागद परत खोचले. चौदा गाड्या करायला मला दीड वर्ष लागलं. पेंटरांच्या हाताची सर नाही, ते मला कळतं, लोकांनाही कळत असेल. एकानं लिहिलं, 'गाडी छान झाली, पण पूर्वीसारखं कुणी रागवत नाही.' मी त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही. पेंटरांची मला इतकी आठवण येते की कधी कधी मुद्दाम एखाद्याला 'अपुरी' लिहून पाठवावंसं वाटतं.

मग माझा कागद तळाला आला. सांगाडा केला, रंग दिला, फोटोतला निळा. पुढं आईचं नाव होतं ते घातलं. फाळक्याचा डावा कोपरा सगळ्यात शेवटी ठेवला होता. आधी लोखंड, मग कठड्याचा दगड कुठं लागला असेल, मग पाणी कुठं थांबेल. आयुष्यात दुसऱ्यांदा तो पोचा मी पाडत होतो, आणि या खेपेला मला माहीत होतं.

टेम्पो गेममध्ये घातला. केबिनमध्ये बसलो. काच बरीच खाली येते. मी आता मोठा आहे, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. वीसच्या वेगानं थोडा पुढं नेला, कडेला लावला आणि मागून त्याची पाठ बघत बसलो. मागून हॉर्न वाजत होते.

माझा पहिला कागद, लाल 'अपुरी'वाला, आपल्याजवळ ठेवावा असं त्या दिवशी मनात आलं. म्हणून बिस्किटांचा डबा मी पहिल्यांदाच उघडला. चाळीस हॉर्नवाला होता, पोचा नसलेले पाचपन्नास होते, माझा होता. आणि सगळ्यांच्या तळाशी एक कागद झेरॉक्सचा नव्हता. पेंटरांच्या हातचा होता. ते अक्षर मी कुठंही ओळखीन.

गाडी: टांगा. रंग: हिरवा, कडा पिवळी. पुढं काय लिहिलंय: काय न्हाय. मागं काय लिहिलंय: काय न्हाय. चालवायचं कोन: आमचं वडील. पोचा कुठं हाय: ठावं न्हाय. सांगनारं कोन उरलं न्हाय.

आणि त्याच्यावर आडवं, लाल पेन्सिलीनं, त्यांच्याच अक्षरात: 'अपुरी.'

मी काकूंकडं गेलो. त्यांना टांग्याचं काही माहीत नव्हतं. "माझं लगीन व्हायच्या आदीच इकला हुता म्हनं. मामंजीस्नीबी मी बगितलं न्हाय." घोड्यांना नाल ठोकणारे एक आजोबा पलीकडच्या गल्लीत आहेत, नव्वदीचे, त्यांना विचारून बघा, असं त्या म्हणाल्या. पेंटर त्यांच्याकडं कधी का गेले नसतील, मला ठाऊक नाही. साऱ्या जगाला विचारायला पाठवणारा माणूस स्वतःच्या दारापासून एक गल्ली ओलांडून गेला नव्हता. कदाचित आजोबांनाही आठवणार नाही, या भीतीनं. मलाही धीर व्हायला काय थोडा वेळ लागला होता?

आजोबा दारात खुर्ची टाकून बसलेले होते. कानाशी जाऊन मोठ्यानं बोलावं लागलं. पेंटरांचं नाव त्यांना ओळखू येईना. मग मी म्हटलं, हिरवा टांगा, पिवळी कडा. तसा त्यांचा चेहरा बदलला.

"पांढरा घोडा," ते म्हणाले. "डाव्या कानाला काळा ठिपका. व्हय. लई शानं जनावर."

"आणि टांगा? त्याला कुठं काही मोडलेलं, दबलेलं?"

त्यांनी डोळे मिटले. मी थांबलो. समोरच्या घरात कुणीतरी धुणं आपटत होतं.

"पायरीचं कायतरी हुतं बगा," ते म्हणाले. "पायरीचं... आत्ता तोंडावर आलं हुतं." पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले. "न्हाय. गेलं. आठवलं की सांगतो. परत या."

घरी येऊन मी तो कागद तारेवर खोचला. सहाव्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं आहे: 'पायरी?' रोज सकाळी कागद उतरवतो, वाचतो, परत खोचतो. बाकीच्या मागण्या तो भरेपर्यंत थांबवून ठेवलेल्या नाहीत, ते पेंटरांना चाललं नसतं. चार रविवार झाले. आजोबा मला लांबून ओळखतात आता. मी दिसलो की आधीच मान हलवतात, न्हाय, अजून न्हाय, आणि शेजारी बसायला जागा करतात.

मी बसतो.